फर्नांडो बेलास्तेगीन: करिअर आणि खेळाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेला बेला म्हणतात तो नक्की कोण?

फर्नांडो बेलास्तेगीन, अर्जेंटिनाचा पॅडेल प्लेयर. जन्म १९ मे १९७९, गाव पेउआहो, ब्युनोस आयरेस प्रांतात. आडनाव लांबलचक आहे म्हणून सगळं जग बेलाच म्हणतं. २००२ पासून २०१७ पर्यंत, म्हणजे सलग १६ वर्षं, हा माणूस जगात नंबर वन होता. एकदा परत वाचा, १६ वर्षं. त्याच्या नावावर सुमारे २३० टायटल्स आहेत आणि २०२४ चा सीझन खेळून ४५ व्या वर्षी तो रिटायर झाला. पॅडेलमध्ये ऑल टाइम ग्रेट कोण हा वाद घालायला बसलात तर पहिलं नाव हेच निघतं, आणि माझ्या मते वाद तिथेच संपतो, पण ते पुढे बघू.

मला पॅडेलच माहीत नाही, आधी ते सांगा ना

थोडक्यात सांगतो, कारण हे कळल्याशिवाय बेलाचा मोठेपणा कळणार नाही.

कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद, मध्ये नेट, आणि चारी बाजूंनी काच आणि जाळी. खेळ डबल्सचाच. स्कोअरिंग टेनिससारखं. रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेला जाडसर फळा असतो तो. सर्व्हिस खालून करायची, कमरेच्या वर बॉल मारायचा नाही. बॉल आपल्या बाजूला एक टप्पा पडून काचेवर आदळला तरी चालतो, काचेवरून परत आला की मारायचा. म्हणजे टेनिसमध्ये जो बॉल हातातून गेला असता तो इथे परत येतो आणि पॉइंट चालूच राहतो.

१९६९ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कॉर्क्वेरा नावाच्या माणसाने हा खेळ सुरू केला, १९७४ ला तो स्पेनच्या मार्बेयात पोचला आणि तिथून लगेच अर्जेंटिनात. त्यानंतर कितीतरी वर्षं पॅडेल म्हणजे हे दोनच देश असं चित्र होतं. बेला ज्या अर्जेंटिनात वाढला तिथे नव्वदच्या दशकात पॅडेलची जबरदस्त लाट होती. पुढे मोठ्या टूर्नामेंट्स स्पेनमध्ये जमल्या तसे अर्जेंटिनाचे चांगले प्लेयर पण स्पेनला गेले. बेला बार्सिलोनाला गेला आणि तिथलाच झाला.

खालून सर्व्हिस आणि काचेवरून परत येणारा बॉल, मग पॉइंट जिंकायचा कसा?

नेटजवळ जाऊन. पॅडेलचं सगळं गणित इथे आहे. जी जोडी नेटजवळ उभी तिच्या हातात पॉइंट, मागची जोडी काचेजवळ उभी राहून वाचवत बसते. सर्व्हिस करणारे सर्व्हिस टाकून लगेच पुढे येतात, आणि मागच्यांना जागा बदलायची असेल तर लॉब टाकायचा, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच बॉल, पुढच्यांना मागे ढकलायचं आणि आपण पुढे यायचं. पूर्ण मॅच ही अशी जागेसाठी मारामारी असते. ज्याला घाई झाली, ज्याने चुकीच्या बॉलवर जोरात मारलं, तो पॉइंट देऊन बसतो, कारण जोरात मारलेला बॉल काचेवरून आरामात परत येतो आणि समोरच्याला आयता मिळतो.

१६ वर्षं नंबर वन, ते पण डबल्समध्ये? मग ते त्याचं एकट्याचं कसं काय?

हा प्रश्न बरोबर आहे आणि बऱ्याच जणांना पडतो. रँकिंगचे पॉइंट प्रत्येक प्लेयरला वेगळे मिळतात, पण जोडी एकत्र जिंकते त्यामुळे टॉपवर बहुतेक वेळा दोघं सोबतच असतात. बेलाच्या १६ वर्षांतली पहिली १३ हुआन मार्टिन दियाझसोबत गेली आणि पुढची ३ पाब्लो लिमासोबत. म्हणजे पार्टनर बदलला, तरी नंबर वनची खुर्ची बेलाच्या खालून हलली नाही. एकट्याचं श्रेय किती हे मोजायचं असेल तर हेच बघा. दियाझ अफाट टॅलेंटेड होता यात शंका नाही, पण तो बाजूला गेल्यावर पण बेला वरच राहिला.

दियाझसोबत एवढी वर्षं जमलं कसं?

२००२ ते २०१४. पॅडेलमध्ये आज दोन वर्षं एक जोडी टिकली तरी लोक कौतुक करतात, एक वाईट महिना गेला की पार्टनर बदलतात. या दोघांनी १३ वर्षं काढली, १९१ फायनल खेळल्या आणि त्यातल्या १७० जिंकल्या.

दोघांचे स्वभाव रॅकेट हातात आल्यावर पूर्ण वेगळे. दियाझ जादूगार, हातात असं काही की कुठल्याही अँगलने बॉल काढेल, अशक्य वाटेल ते करून दाखवेल, आणि कधीकधी त्याच नादात चुकेल पण. बेला खांबासारखा. समोरच्यांनी दियाझवर प्रेशर टाकायचं ठरवलं तर दियाझ काहीतरी वेडं करून सुटायचा, आणि बेलावर टाकायचं ठरवलं तर बेला चुकायचाच नाही. मग करणार काय?

जुन्या मॅचेस बघताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. दियाझने भलता रिस्की शॉट मारून पॉइंट घालवला तर बेला त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करत नाही, पुढे जातो, टाळी देतो, पुढचा पॉइंट. १३ वर्षं हे करायचं म्हणजे किती मोठं काम आहे हे डबल्स खेळलेल्या कुणालाही कळेल, आपले तर पार्टनरच्या दोन चुकांनंतरच खांदे पडतात.

ते सलग २२ टूर्नामेंट जिंकल्याचं खरं आहे का?

हो खरं आहे. दियाझ आणि बेला १ वर्ष ९ महिने हरलेच नाहीत, सलग २२ टूर्नामेंट जिंकल्या. समोर कच्चे लोक होते असं पण नाही, लिमा आणि हुआनी मिएरेस ही जोडी त्याच काळातली, या दोघांना सगळे राजपुत्र म्हणायचे कारण राजे म्हणजे बेला आणि दियाझ. राजपुत्र फायनलला यायचे, भारी खेळायचे, आणि बहुतेक वेळा हरायचे.

बेला उजव्या हाताने खेळतो मग डाव्या बाजूला का उभा असतो?

इथे थोडं थांबून वाचा कारण त्याच्या करिअरचा अर्धा प्लॅन या एका गोष्टीत आहे.

पॅडेलमध्ये एक जण उजवी बाजू सांभाळतो, एक जण डावी, आणि टेनिस डबल्ससारखं पॉइंट सुरू होताना ज्याची त्याची बाजू ठरलेली. उजव्या हाताचा प्लेयर डाव्या बाजूला उभा राहिला की त्याचा फोरहँड कोर्टाच्या मधोमध येतो, आणि डोक्यावरून येणारे मधले बॉल त्याला सरळ मारता येतात. आता त्याच्या शेजारी, उजव्या बाजूला, डावखुरा उभा करा. त्याचा पण फोरहँड मधोमध. म्हणजे कोर्टाच्या मध्यभागी दोन फोरहँड, दोन स्मॅश, मधून काही जातच नाही. समोरच्यांना मग कडेलाच खेळावं लागतं, कडेला जागा कमी, बाजूची काच जवळ, चुकायचे चान्स जास्त.

दोघंही उजव्या हाताचे असतील तर उजव्या बाजूवाल्याचा बॅकहँड मध्ये येतो, मग डावीकडच्याला मधलं सगळं ओढून घ्यावं लागतं, दमतो तो.

आता बेलाचे पार्टनर आठवा. दियाझ डावखुरा. लिमा डावखुरा. शेवटी शेवटी आर्तुरो कोएयो, तो पण डावखुरा. सगळे डावखुरे नव्हते, सान्यो गुतिएरेझ आणि आगुस्तिन तापिया उजव्या हाताचे, पण सगळ्यात मोठा काळ ज्यांच्यासोबत गेला ते दोघं डावखुरेच. मला वाटतं पार्टनर निवडणं हाच त्याचा सगळ्यात मोठा शॉट होता, आणि तो हायलाइट्समध्ये कधी दिसत नाही.

त्याचा सगळ्यात भारी शॉट कोणता?

लोकांना स्मॅश ऐकायचा असतो उत्तरात. स्मॅश होता त्याच्याकडे, तरुणपणी तर जोरदार होता, पण मला विचाराल तर तीन गोष्टी.

पहिली, लॉब. मागे अडकलेला असताना, काचेवरून बॉल अंगावर येतोय, पाय नीट नाहीत, तरी लॉब असा टाकायचा की समोरच्याला स्मॅश मारता येऊ नये आणि मागे जावं लागावं. उंच, खोल, आणि शक्यतो समोरच्याच्या बॅकहँडच्या खांद्यावरून. आपण लॉबला डिफेन्स समजतो, वेळ मारून नेणं समजतो. बेलाचा लॉब म्हणजे अटॅकची पहिली पायरी, दोन शॉटनंतर तो नेटवर असायचा आणि समोरचे मागे.

दुसरी, बांदेहा. हा स्पॅनिश शब्द, अर्थ ट्रे. वेटर जसा ट्रे धरतो तसा हात वर. नेटजवळ असताना तुमच्या डोक्यावरून लॉब आला, स्मॅश मारायला फार मागे आहे, तर मध्यम जोराने कट देऊन बॉल कोपऱ्यात ठेवायचा म्हणजे तो काचेवर लागून वर उसळत नाही, आणि तुम्ही परत नेटवर. पॉइंट संपवायचा नसतो त्या शॉटने, नेट सोडायचं नसतं एवढंच. बेला एका पॉइंटमध्ये पाच, सहा, सात बांदेहा मारायचा, सगळ्या जवळपास त्याच जागी. समोरचा कंटाळून आठव्याला काहीतरी करायला जायचा आणि तिथे पॉइंट संपायचा.

तिसरी व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल, खोल, पायाशी, काचेच्या कोपऱ्याकडे.

यातलं एकही बघून स्टेडियम उठून उभं राहत नाही. पण तीन सेट झाल्यावर स्कोअरबोर्ड बघा.

म्हणजे तो बोरिंग खेळायचा असंच ना?

नाही, आणि हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. बोरिंग म्हणजे काही न करता बॉल परत टाकत राहणं. बेलाच्या प्रत्येक बॉलमागे काहीतरी ठरलेलं असायचं. समोरच्या दोघांतल्या कुणाला जास्त बॉल द्यायचे, कुणाचा हात आज थरथरतोय, कुणाला सूर्य डोळ्यात येतोय. तो समोरच्या दोघांतल्या एकाला पकडायचा आणि त्यालाच बॉल खेळवत राहायचा, आणि दुसरा नुसता उभा, मग त्या दुसऱ्याला घाई होते, तो पार्टनरच्या जागेत घुसतो, आणि त्याने सोडलेल्या जागेत बॉल जातो. हे सगळं घडताना बघायला मजा येते, फक्त बॉलऐवजी चौघांचे पाय बघायची सवय लागायला हवी.

आणि मोठ्या पॉइंटला तो वेगळा दिसायचा. ४० सगळे, म्हणजे ड्यूस, असताना आवाज वाढायचा, मूठ आवळायचा, पार्टनरच्या अगदी जवळ जाऊन बोलायचा. लोक बॉस म्हणायचे ते उगाच नाही.

लिमासोबत खेळ बदलला का?

बदलला, आणि बदलावाच लागला. पाब्लो लिमा ब्राझीलचा, पोर्तो आलेग्रेचा, ताकदवान, स्वच्छ टेक्निकवाला. इतकी वर्षं ज्याला फायनलमध्ये हरवलं त्यालाच पार्टनर केलं. दियाझसोबत बेलाला जादू सांभाळावी लागायची, लिमासोबत दोघंही शिस्तीचे, दोघंही फिट, त्यामुळे स्पीड वाढला. २०१५, २०१६, २०१७ तिन्ही वर्षं नंबर वन. ३५ नंतर नवीन पार्टनरसोबत नव्याने सुरुवात करून परत तीन वर्षं वर राहणं, मला तर पहिल्या १३ वर्षांपेक्षा ही ३ जास्त कठीण वाटतात.

मग नंबर वन गेला कसा?

२०१८ मध्ये. कोपराचं दुखणं निघालं, तेही खेळायच्या हाताचं, आणि बरेच महिने बाहेर बसावं लागलं. बाहेर बसला की पॉइंट नाहीत, पॉइंट नाहीत की रँकिंग नाही. त्या वर्षी सान्यो गुतिएरेझ आणि माक्सी सान्चेझ वर गेले. कोर्टावर कुणीतरी समोर उभं राहून खुर्ची काढून घेतली असं झालं नाही पूर्णपणे, पण ते दोघं त्या वर्षी खरंच छान खेळले, त्यांचं श्रेय कमी करायचं नाही.

तेव्हा बेला ३९ चा. बऱ्याच जणांना वाटलं संपलं आता.

आणि तसं झालं नाही?

नाही झालं. इथून पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता आहे.

२०१९ मध्ये लिमापासून वेगळा झाल्यावर त्याने आगुस्तिन तापियाला सोबत घेतलं. तापिया अर्जेंटिनाच्या कातामार्काचा, जन्म १९९९ चा, म्हणजे बेलापेक्षा २० वर्षांनी लहान. हाताने इतका मऊ की त्याला कातामार्काचा मोझार्ट म्हणतात. टॅलेंट सगळ्यांना दिसत होतं, पण कुठला बॉल सोडायचा आणि कुठला मारायचा हे मुरायचं होतं. बेलासोबत टायटल्स जिंकली, मोठ्या फायनल खेळला, आणि तिथून तो मोठा प्लेयर झाला.

मग २०२१ सान्योसोबत. आणि २०२२ ला आर्तुरो कोएयो, स्पेनच्या वायादोलिदचा उंच डावखुरा, जन्म मार्च २००२. २००२ म्हणजे बेला पहिल्यांदा नंबर वन झाला ते वर्ष! ज्या वर्षी तो टॉपला पोचला त्या वर्षी जन्मलेल्या पोरासोबत तो २० वर्षांनी टायटल जिंकत होता.

आता पुढचं बघा. २०२३ मध्ये तापिया आणि कोएयो एकत्र आले, तेव्हाच्या मोठ्या प्रो टूरवर, वर्ल्ड पॅडेल टूरवर, सलग ४७ मॅच जिंकले आणि नंबर वन झाले. दोघंही बेलाच्या हाताखालून गेलेले. त्यांना खेळताना बघताना मला कोएयोच्या पेशन्समध्ये, स्मॅश मारता येत असताना एखादा बॉल नुसता ठेवून देण्यात, बेला दिसतो. हे माझं मत आहे, कुणाला पटणार नाही कदाचित, पण १९ वर्षांचा पोरगा आणि ४२ वर्षांचा माणूस रोज सोबत ट्रेनिंग करतात तेव्हा काही ना काही उतरतंच.

आजच्या प्लेयर्ससमोर पीकमधला बेला टिकला असता का?

खेळ खूप बदललाय हे मान्य. प्लेयर उंच झाले, कोर्ट फास्ट झाले, आणि स्मॅश मारून बॉल बाजूच्या भिंतीवरून कोर्टाबाहेर काढायचा, ज्याला पोर त्रेस म्हणतात, तो शॉट आता बऱ्याच जणांकडे आहे. लॉब थोडा आखूड पडला की पॉइंट गेला. बेलाचा खेळ लॉबवर उभा, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

पण चाळिशीनंतर तो याच लोकांसमोर खेळला ना. आलेहांद्रो गालान, हुआन लेब्रोन, हे सगळे पूर्ण फॉर्ममध्ये असताना तो त्यांच्यासमोर उभा होता. लेब्रोन २०१९ ला नंबर वन होणारा पहिला स्पॅनिश प्लेयर. चाळिशीतला बेला यांना त्रास देऊ शकतो तर तिशीतल्या बेलाने काय केलं असतं. त्याने लॉब अर्धा मीटर अजून खोल टाकायला शिकून घेतलं असतं, कारण आयुष्यभर त्याने हेच केलं, नवीन काही आलं की स्वतःच्या खेळात बसवलं.

गोल्डन पॉइंटमुळे त्याला फायदा झाला की तोटा?

वर्ल्ड पॅडेल टूरवर २०२० पासून ४० सगळे झाले की अॅडव्हान्टेज बंद झाला आणि एकच पॉइंट, हाच गोल्डन पॉइंट, जो जिंकेल त्याची गेम, आणि रिसीव्ह करणारी जोडी ठरवायची कोण रिसीव्ह करणार. माझ्या मते तोटा. ज्याची ताकद लांब लढाईत समोरच्याला झिजवणं ही आहे त्याच्यासाठी लढाई छोटी करणं वाईटच. तरी प्रेशरचा एक पॉइंट खेळायला त्याच्यापेक्षा चांगला कोण, हे पण आहे.

तो वापरायचा ती रॅकेट घेऊ का?

त्याच्या नावाची विल्सनची रॅकेट येते, त्याआधी हेडची यायची. नवीन असाल तर प्रो लोकांसाठी बनवलेलं टॉप मॉडेल घेऊ नका. ती रॅकेट कडक असते, वजन वरच्या बाजूला असतं, बॉल नीट मधोमध नाही लागला तर सगळा झटका कोपरात जातो. ज्या माणसाला स्वतःला कोपरामुळे महिनोन्महिने बसावं लागलं त्याच्या नावाची रॅकेट घेऊन तुम्ही कोपर दुखवून घेऊ नका. गोल आकाराची, मऊ, हलकी घ्या.

देशासाठी खेळला का?

हो, अर्जेंटिनाच्या टीमसोबत वर्ल्ड चॅम्पियनशिप एकापेक्षा जास्त वेळा जिंकला. आयुष्य बार्सिलोनात गेलं तरी खेळला अर्जेंटिनासाठीच.

त्याच्यासारखं खेळायला शिकायचं असेल तर सुरुवात कुठून?

एक काम करा. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा पूर्ण एक सेट एकही स्मॅश मारायचा नाही असं ठरवा. जो बॉल डोक्यावर येईल तो बांदेहाने कोपऱ्यात ठेवायचा आणि परत नेटवर यायचं. पहिले तीन गेम चिडचिड होईल, पार्टनर विचारेल मारत का नाहीस, मारू नका. मागे असाल तेव्हा दोनमधला एक बॉल लॉब. पार्टनर चुकला तर काही बोलायचं नाही, हात पुढे करायचा.

कुठली मॅच आधी बघू?

दियाझसोबतची कुठलीही जुनी फायनल घ्या, लिमा आणि मिएरेस समोर असतील तर उत्तम. पहिला सेट नेहमीसारखा बघा. दुसऱ्या सेटला बॉल बघायचाच नाही, फक्त बेलाचे पाय बघायचे. दियाझ काहीतरी अचाट करायला कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बेला आधीच पोचलेला असतो.